तिथी नसलेल्यांचं पान

माझं अक्षर चांगलं नाही, शुद्धलेखनही चुकतं. शाळा चौथीतच सुटली. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

शोभाकाकू गेल्याचा त्यांच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. गॅस बंद केला आणि तशीच उभी राहिले... आता महिना होत आला.

अमेरिकेत मॉरिसव्हिलला मुलाकडे आले तेव्हा मला कुणाशी बोलायचा धीर नव्हता. समोरच्या घरातल्या काकूंनीच हाक मारली. त्या नागपूरला कॉलेजात इंग्लिश शिकवायच्या. दुपारी त्यांच्या ओट्यावर बसून दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्लिश कादंबऱ्या मला मराठीत सांगायच्या. त्यांत एखादं अनाथ पोर असायचंच, नातेवाइकांकडे नाहीतर कारखान्यात राबणारं. एकदा मी म्हटलं, "काकू, ह्या लेखकांना आईबाप असलेली पोरं सापडत नव्हती का हो?"

काकू खूप हसल्या. मग म्हणाल्या, "आईबाप असले की लोक पोराशी जपून वागतात गं. ते नसले की समाज कसा आहे ते उघडं पडतं. लेखकांना तेच दाखवायचं होतं. आणि बघ, पोराला राबवणारे स्वतःला दयाळूच समजतात."

मीही तसलंच पोर. आईवडील गेल्यावर मी मामांकडे वाढले. मामांनी शाळा सोडवून घरकामाला लावलं. मुलाला मात्र मी सांगत आले, मामांनी लेकीसारखं वाढवलं. म्हणून पितृपक्षात तो मामांच्या नावानं पान वाढायचा. त्या दिवशी काकूंना मी हे सगळं सांगितलं.

"आणि आईवडिलांचं पान?"

"त्यांची तिथी माहीत नाही. मामांना विचारलं की उपकार ऐकावे लागायचे."

"अगं, मग सर्वपित्री अमावास्या कशासाठी असते? मुलाला खरं सांग. तू नाही सांगितलंस तर त्या दोघांची आठवण कोण काढणार?"

काकू होत्या तोवर मला ते जमलं नाही.

परवा सर्वपित्रीला मी दोन पानं वाढली.

"आई, ही कोणाची?" मुलानं विचारलं.

मी सांगितलं. भांडी, शाळा, सगळं.

"पण मामाआजोबा तर..." म्हणून तो थांबला. मग म्हणाला, "आजीचं नाव काय गं?"

मामांच्या घरी ते कुणी घेत नसे. "यमुना," मी म्हटलं. त्यानं हात जोडले.

दुपारी काकूंना सांगायचं म्हणून चपला घालून रस्ता ओलांडला, आणि मग लक्षात आलं... परत नाही फिरले. ओट्यावरच्या त्यांच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसले आणि आईचं नाव पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं घेतलं.