काकांसाठी आणलेली बंदूक

माझी सगळी नोकरी झाशी स्टेशनच्या पार्सल ऑफिसात गेली आणि त्या नोकरीनं माझा स्वभाव कायमचा नासवला. वाफेच्या इंजिनांचे ते दिवस. समोर येणारा प्रत्येक माणूस खोटं बोलतोय असं धरूनच आम्ही कामाला लागत असू. फॉर्मवर 'जुने कपडे' लिहिलेलं असे आणि पेटीतून तुपाचा वास येई. पेटी उचलायची, हलवायची, वाजवून बघायची आणि मग मालकाच्या तोंडाकडे बघायचं. ही सवय ऑफिसातच ठेवून घरी यावं, हे मला कधी जमलं नाही. बायकोनं भाजी आणली की मी पिशवी हातात तोलून बघे. ती म्हणायची, "अहो, आता वांग्यांना पण सील लावा."

घरात एकाच माणसावर मी कधी शंका घेतली नव्हती. ते माझे थोरले काका. त्यांनी लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहत. महायुद्धात ते ब्रह्मदेशात होते. परत आल्यावर रेल्वेत रुळांच्या गँगमध्ये लागले आणि तिथूनच रिटायर झाले. लढाईबद्दल ते अवाक्षर काढत नसत. बोलायचो ते आम्हीच. आमचे पूर्वज तलवार घेऊन दक्षिणेतून या मुलखात आले होते, पण पुढच्या पिढ्यांनी नुसती कारकुनी केली. तेव्हा घरात एक खराखुरा शिपाई असणं ही सगळ्यांचीच मिरवायची गोष्ट होती. कुणी विचारलं की मी छाती काढून सांगे, "हमारे काका जी बर्मा में लड़े हैं."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे शस्त्रपूजा असते. शेजारपाजारचे लोक ती दसऱ्याला करतात, पण आम्ही आमची तिथी सोडलेली नाही. पाटावर पूर्वजांची तलवार आणि तिच्या शेजारी ज्याची त्याची पोटापाण्याची हत्यारं: माझा ऑफिसचा शिक्का, बायकोची शिवणाची कात्री, काकांचा रूळ ठोकायचा हातोडा. पहिलं कुंकू काकांनी लावायचं, कारण घरातले शिपाई तेच. मला मात्र दरवर्षी तो हातोडा खटकायचा. शिपायाची बंदूक सरकारजमा आणि पाटावर त्यांच्या नावानं गँगमनचा हातोडा! काका थकत चालले होते. त्यांच्या हयातीत त्यांची बंदूक पाटावर आली पाहिजे, असं मी मनात घेतलं.

इलाइट चौराह्याजवळ बंदुकांचं एक जुनं दुकान होतं. तिथं एक फौजी रायफल मिळाली. नळीत शिसं ओतून ती कायमची बंद केलेली होती, नुसती ठेवण्यापुरती, आणि तसा कलेक्टर कचेरीचा कागद सोबत होता. दुकानदार म्हणाला, "बाबूजी, बर्मा में यही चलती थी. आँख मूँदकर ले जाइए."

आँख मूँदकर म्हटल्यावर तर मी दोन्ही डोळे ताणून बघायला लागलो. बंदुकीच्या अंगावर एक नंबर होता आणि मागेपुढे सरकणाऱ्या बोल्टवर दुसराच. मी त्यावर बोट ठेवलं. तो हसला. "लड़ाई में कौन नंबर मिलाता है, बाबूजी?" त्या हसण्यावर माझा काडीचा विश्वास बसला नाही. मी तीन खेपा घातल्या, कागद उजेडात धरून बघितला, कचेरीत जाऊन शिक्क्याची खात्री करून घेतली. शेवटी बंदूक घेतली, पण ही खरी की बनावट ते काकाच सांगतील, असं ठरवूनच घेतली.

नवरात्र बसलं होतं. गोणपाट सोडून मी बंदूक काकांच्या पुढ्यात धरली. "काका, ओळखा बघू."

त्यांनी ओळखली, ते चेहऱ्यावर दिसलं. पण हात पुढे आले नाहीत. "उघडून तर दाखवा," मी म्हणालो. नाइलाजानं त्यांनी ती घेतली आणि दुसऱ्याचं तान्हं मूल धरावं तशी धरली. बोल्ट कसा सरकवायचा ते त्यांना कळेना. बोटं चाचपडली आणि थांबली. "रहने दे," ते म्हणाले. "ठेव तिकडे कोपऱ्यात." आणि उठून आत गेले.

त्या क्षणी दुकानदार सुटला आणि काका सापडले. फॉर्मवर एक माल आणि आत दुसराच, हा वास माझ्या ओळखीचा होता. ब्रह्मदेशात लढलेल्या माणसाला बंदूक उघडता येत नाही? मग हे तिथं करत काय होते, छावणीत भात शिजवत होते? मला राग आला, फसवलं गेल्याचा राग. इतकी वर्षं मी गल्लीभर सांगत फिरलो होतो!

नवरात्रात काका रोज सकाळी लक्ष्मी तालाच्या काठी महालक्ष्मीच्या दर्शनाला जात. अष्टमीला ते गेले आणि मी त्यांच्या खाटेखालची ट्रंक ओढली. तिची कडी मोडलेली होती, म्हणून ते ती सुतळीनं बांधून ठेवत. सुतळी सोडली. आत दोन धोतरं, एक लोकरी मफलर आणि तळाशी फौजेतून सुटल्याचा कागद. त्यावर लिहिलं होतं: रेल्वे तुकडी, रूळ टाकणारा मजूर. 'शिपाई' हा शब्द कुठंच नव्हता. मी कागद होता तसा ठेवला, सुतळी बांधली, ट्रंक जागेवर सरकवली. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं.

खंडेनवमीला बायकोनं पाट मांडला, झेंडूची फुलं ठेवली. तलवारीशेजारी मी बंदूक ठेवली. काका आले. तेलानं पुसलेला हातोडा त्यांनी नेहमीप्रमाणे स्वतःच्या हातानं ठेवला आणि कुंकवाचा करंडा उचलला. मला राहवलं नाही.

"काका, पहिलं कुंकू लावण्याआधी एक सांगा. तिकडे कधी बंदूक हातात तरी घेतली होती का तुम्ही?"

"अहो, काय बोलताय!" बायको म्हणाली.

काकांनी करंडा खाली ठेवला. त्यांचा आवाज चढला नाही. "ट्रंक तूच खोललीस ना?"

मी पाटावरची बंदूक उगाच सरळ केली.

"मी साधी सरकगाठ मारतो. काल बघितलं तर दुहेरी गाठ, टोकं आत खोचलेली. बस, सीलची लाख ओतायची बाकी होती. अशी गाठ या घरात कोण मारतं?"

ऑफिसात मी दिवसभर तीच गाठ मारत असे. हातांनी ती आपणहून मारली होती, मला पत्ताही नव्हता.

"विचारलं असतंस तर सांगितलं असतं," काका म्हणाले. "कुणी विचारलंच नाही. तुम्ही लोक आपसांत बोलत राहिलात, माझी लढाई मोठी करत राहिलात. मी थांबवलं नाही, ही माझी गलती." मग बंदुकीकडे बघत ते सांगू लागले. "आम्ही रूळ टाकायचो आणि एक गढवाली जवान बंदूक घेऊन आमच्यावर पहारा द्यायचा. एक दिवस विमानं आली. तो पडला. सुभेदार ओरडला, उसकी राइफ़ल उठाओ! सगळ्यांत जवळ मी होतो. माझ्यानं हात लावला गेला नाही. हातात हातोडा होता, तो घेऊन पळालो. हाच."

मी हातोडा उचलला. लोखंडावर, दांड्याजवळ, फौजेच्या मालावर असते ती बाणाची खूण होती. रिटायर होणाऱ्या माणसाकडून रेल्वे साधा कंदीलसुद्धा परत घेते, मग हा हातोडा घरी कसा, ही शंका मला, माझ्यासारख्याला, एवढ्या वर्षांत एकदाही आली नव्हती.

काकांनी पहिलं कुंकू बंदुकीला लावलं. हात जोडून बराच वेळ तसेच उभे राहिले. "ये उसकी है," ते म्हणाले. "आणलीस ते बरं केलंस." मग करंडा माझ्याकडे दिला आणि हातोड्याला कुंकू मी लावलं. आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

त्या विषयावर काका पुन्हा बोलले नाहीत. पूर्वीसारखंच मला चहाला हाक मारत, पूर्वीसारखंच गाड्या किती लेट आहेत ते विचारत. फक्त ट्रंकेला त्यांनी परत सुतळी बांधली नाही. झाकण सैल, सुतळीची गुंडाळी वर ठेवलेली, अशी ती ट्रंक ते गेले तोपर्यंत त्यांच्या खाटेखाली उघडी होती. त्या खोलीत गेलो की मी दुसरीकडे बघत असे.