जांभळ्या तुऱ्याची पिवळी

आज भाचीच्या गुडघ्याला जांभळं औषध लावताना माझी बोटं रंगली आणि महाल वस्तीतल्या आमच्या घराचं मागचं अंगण आठवलं.

मी तेरा वर्षांची होते. वडील आणत ती चळवळीची पत्रकं वाचून समता मला तोंडपाठ झाली होती. आईने सहा बँटम कोंबड्या पाळल्या होत्या. कबुतराएवढ्या ठेंगण्या, पण भारी तापट. त्यांतल्या पिवळीच्या तुऱ्याला जखम झाली, तेव्हा आईने त्यावर हेच औषध फासलं आणि तिला टोपलीखाली वेगळं ठेवलं. मला तो बहिष्कार वाटला. आई बाजारात जाताच मी पिवळीचा तुरा साबणाने घासून धुतला. खपली निघाली, थोडं रक्त आलं. तरी मी तिला अभिमानाने बाकीच्यांत सोडलं.

आधी एकीने टोचलं, मग सगळ्यांनी. मी हाकलत होते आणि त्या माझ्या पायांमधून पुन्हा तिच्यावर तुटून पडत होत्या. आई परतली तेव्हा पिवळी मेली होती. तिला डोळे उरले नव्हते.

"काहून सोडलं वं तिले?"

"तू तिले वाळीत टाकलं होतं!"

"जखमेचं लाल दिसलं का त्या टोचतात, म्हणून रंग लावला होता. तुह्या कागदात हे नाही लिहिलं?"

संध्याकाळी आईने पिवळीचा रस्सा केला आणि पहिलं ताट मला वाढलं. समतेवर माझा आजही तितकाच विश्वास आहे; आता तिची पत्रकं मीच लिहिते. पण त्या संध्याकाळी मी रस्सा दुसऱ्यांदा मागून घेतला, हे मी कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नाही.