एसटीतून बंद केलेली मोटार

छत्रपती संभाजीनगरच्या कृषी प्रदर्शनात डिजिटल क्रांतीवरची भाषणं ऐकून मी पाचोडच्या एसटीत बसलो. भाषणांत क्रांती होऊन गेली होती. माइक मात्र अधूनमधूनच चालत होता.

शेजारच्या बाई मोबाईल पदराने पुसून पुन्हा पुन्हा बघत होत्या. त्यांनी मोसंबीच्या बागेत जमिनीतली ओल मोजणारं यंत्र बसवलं होतं; ओल मोबाईलवर दिसायची आणि विहिरीवरची मोटारही तिथूनच चालू-बंद व्हायची. विहिरीत उरलेलं पाणी पावसापर्यंत पुरवायचं होतं. सासऱ्यांचा नेम मात्र एकच, लाईट आली की मोटार चालू.

"बघा, केलीच चालू!" म्हणत बाईंनी चालत्या गाडीतून बटण दाबलं. मोटार बंद. सासऱ्यांनी पुन्हा चालू केली, यांनी पुन्हा बंद. मागचे आजोबा उभे राहिले, "सोडू नको, बाई!" कंडक्टर तिकिटं विसरला. उगाच भारावून न जाण्याबद्दल मी प्रसिद्ध आहे, पण मीही मान लांब करून बघत होतो.

सासऱ्यांचा फोन आला. बाईंनी स्पीकर लावला.

"अगं, मोटार जळली का काय?"

"नाय मामा, मीच बंद करायले. जमिनीत लई ओल हाय. खरं वाटत नसल तर झाडाखालची माती मुठीत दाबा. लाडू वळला तर पाणी द्यायचं नाय."

आम्ही सगळे फोनकडे वाकलो. मग सासऱ्यांचा आवाज आला.

"वळला गं लाडू. तिथं बसून दिसतं व्हय तुला? मंग हे माझ्या बी फोनात घालून दे."

वाचलं ते एका बागेपुरतं पाणी. आम्ही मात्र जायकवाडी भरल्यासारखे ओरडत होतो.