पंप लागला, आई उठली

समुद्रकाठच्या नवापूरच्या हंसाबाई कुणाच्या धाकात राहणाऱ्या नव्हेत. नवरा गेल्यावरही बोटी किनाऱ्याला लागल्या की टोपली घेऊन लिलावात सगळ्यांत पुढे ह्याच. पण म्हातारपणी त्यांना धाक बसवला तो मीटरजवळच्या एका एवढ्याशा डबीने.

डबी बसवली त्यांच्या मुलाने, दर्पणने. तो बोईसरच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करतो आणि बायको हेमालीबरोबर तिथेच फ्लॅटमध्ये राहतो. घरात कुठे किती वीज जाते ते डबी मोबाइलवर दाखवी. त्याने कौतुकाने आईला आकडे दाखवले.

"मला त्यातलं काय समजत नाय," हंसाबाई म्हणाल्या.

मग दर्पणने डबी सुधारली, साध्या माणसालाही कळेल अशी. आई उजाडता उजाडता पाण्याचा पंप लावते, हे त्याने डबीला शिकवलं. पंप लागला की त्याच्या मोबाइलवर अक्षरं उमटत, 'आई उठली'. करायला गेला गणपती नि झाला मारुती! विजेवर ठेवायची नजर आईवर बसली.

आता बोटी येतात भरतीबरोबर, आणि भरतीची वेळ रोज पुढे सरकते. कधी हंसाबाई अंधारातच किनाऱ्यावर, मग पंप लावणार कोण? कोळ्याचा मुलगा असून हा एवढं विसरला. ऐन लिलावात फोन वाजे.

"आई, पंप नाय लागला. बरी हायस ना?"

"अरे, बोटी आल्यात! पंपाला मिठी मारून बसू काय?"

"आमच्या जिवाला घोर लागतो. परत असं झालं तर घराला कुलूप लाव आणि इकडे ये."

त्या फ्लॅटचं नावही त्यांना नको असे. कारखान्यांच्या वासामुळे खिडक्या सदा बंद, आणि बोंबील तळले की शेजारणीचं नाक मुरडलेलं. तिथे आपण महिनाभरही जगणार नाही, अशी त्यांची खात्री होती. आणि दर्पणवर चिडणार तरी कसं? आपलेच दात, आपलेच ओठ.

शेवटी त्यांनी शेजारच्या साखरबाईंना गाठलं. साखरबाईंचे गुडघे गेलेले, कानांनीही कमी ऐकू येई, म्हणून त्या किनाऱ्यावर येत नसत.

"उजाडलं की माझ्या मागच्या पडवीतला पंप लाव. टाकी भरली की बंद कर. मी घरात असो की नसो, तू आपली लाव."

"लावीन गो. तेवढंच मला काम."

फोन थांबले. दर्पण खूश झाला. हंसाबाईंना लबाडी बोचे, पण घर सुटलं नव्हतं.

पुढे एका पहाटे त्या न्हाणीत घसरल्या. कंबरेतून अशी कळ गेली की पाय हलेना. मोबाइल बाहेर खाटेवर होता. उजाडेपर्यंत कळ काढू, त्यांनी मनाशी म्हटलं. पंप लागला नाही की दर्पण घाबरेल, फोन करील, मी उचलला नाही की धावत येईल. मग नेऊ दे बोईसरला. आता कुठेही नेऊ दे.

खिडकीच्या फटीतून उजेड आला. पडवीत पावलं वाजली.

"साखर! अगो, लावू नको!" हंसाबाई जिवाच्या आकांताने ओरडल्या.

पंप घरघरू लागला. त्या ओरडत राहिल्या. टाकी भरली, पाणी भिंतीवरून ओघळलं, पंप बंद झाला आणि पावलं आपल्या घराकडे गेली.

हंसाबाईंनी ओल्या लादीवर डोकं टेकलं. बोईसरला दर्पण आता मोबाइल बघून हेमालीला सांगत असेल, "आई उठली."