सूनबाईचा उपवास माझ्याकडे आला

हरतालिकेची दुपार होती. रत्नागिरीतील आमच्या घरी मी गणपतीवर टांगायच्या माटवीच्या लाकडी चौकटीला फळे बांधत होतो... इतक्यात सूनबाई दाराला टेकून म्हणाली, "बाबा, सकाळपासून बाळ फारसं हललं नाहीये."

तिला सातवा महिना आहे. निर्जळी उपवास करायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. तरीही पहाटेपासून तिने पाण्याला स्पर्श केला नव्हता.

मुलगा अजून मुंबईहून यायचा होता. मीच फोन लावला. "आधी पाणी द्या आणि लगेच घेऊन या," डॉक्टर म्हणाल्या.

सूनबाईने पेला घेतला. परंतु तो ओठांपर्यंत जाईना. गेल्या वर्षीही ती गरोदर होती; तेव्हा डॉक्टरांचे ऐकून तिने हा उपवास केला नव्हता... आणि पुढे ते बाळ राहिले नाही. या दोन गोष्टींचा परस्परांशी काहीही संबंध नाही, हे आम्ही सर्वांनी तिला परोपरीने समजावले होते. तिला ते पटले नव्हते.

"दे, तुझा उपास मी घेते," माझी पत्नी म्हणाली. एखादीला झेपत नसेल, तर तिचा उपवास घरातील दुसऱ्या कोणी करण्याची आमच्याकडे रीत आहे.

"नको आई, तुमचं इन्सुलिन चालू आहे!"

"मग मला दे," मी म्हणालो.

"तुम्ही? एकादशीला तासातासाला चहा मागणारे!" पत्नी म्हणाली खरी, पण बोलता बोलताच ताम्हण आणि पळी घेऊन आली.

हातावर पाणी घेऊन मी संकल्प सोडला. पुरुषाने हरतालिका धरल्याचे मी कधी ऐकले नव्हते... सूनबाई एकेक घोट पीत होती आणि प्रत्येक घोटासरशी पूजेत मांडलेल्या वाळूच्या पिंडीकडे पाहत होती.

गणपतीच्या बाजाराच्या गर्दीत आम्हा तिघांची रिक्षा अडकत अडकत निघाली.

दवाखान्यात बाळाचे ठोके स्पष्ट ऐकू आले. सलाइन लावून डॉक्टरांनी तिला ठेवून घेतले. तिने माझा हात घट्ट धरला आणि रडत म्हणाली, "बाबा, तुम्ही मात्र पाणी पिऊ नका हं!"

मी प्यायलो नाही.

बाळ सुखरूप आहे, याबद्दल देवाचा आणि त्या डॉक्टरांचा मी ऋणी आहे. उपवास मला घेता आला... तिची भीती मात्र घेता आली नाही.