झिजलेला नंबर

नोकरीसाठी परदेशात, हॉर्नबी गावात गेलो तेव्हा मला खोली देणाऱ्या घरमालकीण आजींचे माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत. जवसाच्या तेलाचा वास आला की त्यांच्या वडिलांची तेल लावलेली रायफल आठवते. लष्कराने विकायला काढलेल्या जुन्या मालात आपली युद्धातलीच रायफल मिळाली, असं वडील सांगत आणि घरचे ते हसण्यावारी नेत. आजींना आता नीट दिसत नव्हतं. "जरा हिच्यावरचा नंबर वाच रे," एकदा रायफल पुढे करत त्या म्हणाल्या. आई भांड्यांवरची पुसट नावं वाचायला पीठ चोळायची, तसं मी लोखंडावर चोळलं. "सात, चार, नऊ..." "दोन," आजीच म्हणाल्या, "युद्धातल्या रायफलचा हाच नंबर बाबा मरेपर्यंत पुटपुटायचे." मी हो म्हणालो. नंतर त्यांनी कितीदा तरी विचारलं, "खरंच ना?" परवा, आता राहतो त्या टाकानिनीहून, त्यांना पत्रात लिहिलं: शेवटचा आकडा दोनच होता, आजी, तुमचं मन राखायला हो म्हणालो नव्हतो.