व्याह्यांचा जीपीएस

ही फजिती सांगतो, पण आमच्या हिच्यासमोर विषय काढू नका. ती हसत बसते आणि चहा राहून जातो.

झालं काय, आमच्या कोसाडच्या सोसायटीत चोरांनी दोन गाड्यांच्या काचा फोडून आतले, रस्ता दाखवणारे जीपीएस नेले. मी सेकंडहँड घेतलेल्या गाडीसोबतही तसाच एक आला होता. तेव्हापासून गाडी थांबली की मी तो काढून खिशात घालायचो. अगदी कोथिंबीर घ्यायला उतरलो तरी!

त्यात पुतणीचा साखरपुडा ठरला. हॉल पर्वत पाटिया भागात. मुलाचे वडील पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये मॅनेजर, माणूस एकदम शांत. पंगत बसली आणि माझ्या लक्षात आलं, खिसा रिकामा! ताट सोडून पार्किंगमध्ये पळालो. समोरच आपली पांढरी गाडी, काचेवर जीपीएस. दार ओढलं तर उघडंच. म्हणजे मी लॉकसुद्धा विसरलो होतो. स्वतःला चार शिव्या घातल्या, जीपीएस खिशात टाकला आणि येऊन पुन्हा श्रीखंड वाढून घेतलं.

अर्ध्या तासात बाहेर गलका. व्याह्यांचा जीपीएस चोरीला गेला होता आणि सगळे म्हाताऱ्या वॉचमनला धारेवर धरत होते. मला काही राहवलं नाही. गरिबाला कशाला बोलता, म्हटलं, चूक मालकाची असते. मग व्याह्यांसकट सगळ्यांना सावधगिरीवर भाषण ठोकलं आणि शेवटी खिशातला जीपीएस काढून उंच धरला.

"हे असं सांभाळावं लागतं."

व्याही जवळ आले. त्यांनी तो हातात घेतला, उलटा केला. मागे पोपटाचं स्टिकर.

"हे माझ्या नातीने चिकटवलंय," ते म्हणाले.

मी हिच्याकडे पाहिलं. ती हळूच अहिराणीत म्हणाली, "अहो, आपला तं घरमाच राही गया."

माझी गाडी मागच्या रांगेत होती. व्यवस्थित लॉक केलेली.

भाऊ पांढराफटक पडला. पुतणीच्या डोळ्यांत पाणी. मला वाटलं, मोडलं लग्न. पण व्याही एकदम हसायला लागले, ते बॉनेटवर टेकेपर्यंत हसले. मी वॉचमनचे हात धरून माफी मागितली. तोही हसत होता.

लग्न पलसाण्याला होतं. आदल्या दिवशी व्याह्यांचा स्वतःहून फोन, "तुम्ही गाडी काढू नका, आम्हीच न्यायला येतो. पार्किंगमध्ये जायचं कामच नको." केवढा मान, म्हणून मी हरखलो.

तिथे पोचलो, तर बाकीचे सगळे आपापल्या गाड्या घेऊन आले होते.